नोटीस आली म्हणून गोळ्या थांबवू नका

सोमवारी सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीपुढे नेहमीसारखीच रांग होती. पस्तिशीच्या आतबाहेरची एक बाई धाकट्या भावाबरोबर उभी होती. तिचा नंबर आला. आतून कारकुनाने नाव विचारले. तिने नाव सांगितले नाही. उलट हळू आवाजात तिनेच विचारले, ‘‘दुसऱ्या नावाने केसपेपर निघेल का हो?’’

मानसोपचार विभागात डॉक्टरांसमोर बसल्यावर खुलासा झाला. नैराश्यासाठी तिचे आठ महिने उपचार चालू होते. झोप लागू लागली होती, ती पुन्हा कामावर जाऊ लागली होती. महिन्यापूर्वी नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली. ‘मनोरुग्ण असल्यामुळे सोबत राहणे अशक्य’ असे त्यात लिहिले होते. नात्यातल्या कुणीतरी सल्ला दिला, ‘‘आधी त्या गोळ्या बंद कर. कोर्टात तुझी फाईल गेली तर वेडी ठरवून मुलगा काढून घेतील.’’ तिने त्याच रात्री गोळ्या बंद केल्या. चार दिवसांत चक्कर, मळमळ आणि डोक्यात झिणझिण्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात जुने रडू परत आले आणि त्याबरोबर ‘आपण नसलेलेच बरे’ हा विचारही.

हा प्रसंग एकाच बाईचा नाही. मानसोपचाराच्या कुठल्याही ओपीडीत तो थोड्याफार फरकाने घडतो. कधी बाईच्या जागी पुरुष असतो, कधी नैराश्याच्या जागी बायपोलर आजार असतो. भीती मात्र एकच असते, की उपचार घेतले तर ते आपल्याच विरुद्ध पुरावा होतील. ही भीती अगदीच निराधार नाही. पण तिच्यामुळे घेतला जाणारा निर्णय आरोग्याच्या दृष्टीने घातक असतो आणि कायद्याच्या दृष्टीनेही सहसा चुकीचा ठरतो.

ताण किती मोठा असतो

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीच्या ताणाला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण होते. दुसरा क्रमांक घटस्फोटाचा, ७३ गुण. तिसरा विभक्त राहण्याचा, ६५. ही यादी परदेशातली आणि जुनी आहे, तरी तिचा अर्थ आपल्याकडेही पटतो. घटस्फोट म्हणजे एक दिवसाचा प्रसंग नव्हे. माहेरी परतणे, मुलांची शाळा, पगारातली वाटणी, शेजाऱ्यांचे प्रश्न आणि एकामागून एक पडणाऱ्या तारखा, असे सगळे त्यात येते.

या काळात झोप मोडणे, भूक मरणे, छातीत धडधडणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, कामे अडू लागली किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर तो केवळ ताण राहत नाही. त्यावर उपचार हवेत. पुरुषांमध्ये हेच दुखणे अनेकदा चिडचिड आणि दारूच्या वाढत्या प्रमाणातून दिसते, त्यामुळे ते ओळखायला उशीर होतो.

गोळ्या अचानक थांबल्या की

नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही त्या सहसा काही महिने चालू ठेवाव्या लागतात, कारण लवकर थांबवल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते. बंद करायच्या झाल्या तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवत नेतात. एका रात्रीत थांबवल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी, विचित्र स्वप्ने, अंगात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात. बायपोलर आजारात लिथियमसारखे औषध अचानक सोडले तर आजाराचा झटका पुन्हा येऊ शकतो. रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या एकदम थांबवल्या तर क्वचित फिटही येते.

आता याचा कायदेशीर परिणाम पाहू. नियमित औषध घेणारी व्यक्ती नोकरी करते, मुलाचा डबा भरते, न्यायालयात शांतपणे उत्तरे देते. औषध सोडलेली व्यक्ती ऐन तारखेला कोलमडते. ‘हिच्याबरोबर राहणे अशक्य आहे’ असे म्हणणाऱ्याच्या हाती मग खरोखरच काही लागते. फाईल लपवायला म्हणून गोळ्या सोडल्या जातात आणि आजारच चव्हाट्यावर येतो.

आजार वेगळा, कायद्यातले कारण वेगळे

हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३(१)(३) मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, हे खरे. पण त्याचे शब्द नीट वाचायला हवेत. विकार अशा स्वरूपाचा आणि इतक्या प्रमाणात हवा, की अर्जदाराने त्या व्यक्तीबरोबर राहावे अशी वाजवी अपेक्षा करता येऊ नये. ‘विकार आहे’ एवढे पुरत नाही. ‘इतक्या प्रमाणात’ या शब्दांवर सगळी भिस्त आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. स्किझोफ्रेनियाचे नुसते नाव लावून घटस्फोट मिळत नाही, आजाराची तीव्रता सिद्ध करावी लागते. २०१३ साली पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या कारणावरून मागितलेला घटस्फोट याच न्यायालयाने नाकारला. ज्या आजाराचे नाव ऐकून लोक सर्वाधिक घाबरतात, त्याबद्दल न्यायालयाची ही भूमिका आहे. मग नैराश्याची एक गोळी चालू असणे किंवा बाळंतपणानंतर काही महिने उपचार घेतलेले असणे याची धास्ती कितपत घ्यायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ तर याहून पुढे जातो. हा कायदा सर्व धर्मांच्या नागरिकांना लागू आहे. पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात दाखल होता, एवढ्यावरून आज मानसिक आजार आहे असे ठरवता येत नाही, असे त्याचे कलम ३ सांगते. शिवाय मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे ती व्यक्ती ‘मनोविकल’ ठरत नाही. तसे ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचाच. कलम १०५ नुसार न्यायालयात मानसिक आजाराचा पुरावा सादर झाला आणि समोरच्या पक्षाने त्याला आव्हान दिले, तर न्यायालयाने ते प्रकरण छाननीसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचे असते. मंडळ स्वतः किंवा तज्ज्ञांमार्फत त्या व्यक्तीची तपासणी करते आणि आपले मत न्यायालयाला कळवते.

आरोप करणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९९३ साली निकाल लागलेल्या एका प्रकरणात पत्नीने लेखी जबाबात नवऱ्याला आणि त्याच्या घराण्यालाच वेडसर म्हटले होते. असे आरोप करणे हीच मानसिक क्रूरता आहे असे मानून सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला घटस्फोट दिला. समोरच्याला वेडे ठरवण्याच्या नादात आपलाच दावा बुडू शकतो.

लग्नाआधीपासून असलेला आजार फसवून लपवला गेला असेल तर तो प्रश्न निराळा. त्यासाठी विवाह रद्द ठरवून घेण्याची तरतूद कलम १२ मध्ये आहे, आणि फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी विवाहांचे आणि विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नांचे नियम वेगवेगळे आहेत. तिथे वकिलाचा सल्ला घ्यावा.

फाईल कुणाची?

‘‘माझ्या बायकोची फाईल द्या, कोर्टात लावायची आहे,’’ अशी मागणी घेऊन नातेवाईक दवाखान्यात येतात. कधी ज्या व्यक्तीला डॉक्टरांनी पाहिलेलेही नाही, तिच्या ‘वेडेपणाचा दाखला’ मागितला जातो. दोन्हीला नकारच मिळायला हवा. न तपासलेल्या माणसाचा दाखला देता येत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ ने तो रुग्णाचा हक्कच केला आहे. न्यायालयाचा आदेश आला तर मात्र कागद द्यावे लागतात.

न्यायालय वैद्यकीय तपासणीचाही आदेश देऊ शकते. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्वाळा दिला. पण त्याबरोबर अटही घातली, की आधी अर्जदाराच्या बाजूने सबळ प्राथमिक पुरावा हवा. नुसत्या संशयावर कुणाला तपासणीला पाठवता येत नाही. आदेश झाल्यावरही तपासणी टाळली तर न्यायालय त्यातून विरुद्ध निष्कर्ष काढू शकते. म्हणून अशा वेळी जाणे चुकवू नये, उलट आपले उपचाराचे कागद बरोबर न्यावेत.

फाईल गुप्त असली तरी घरातल्या घरात ती बाहेर पडते. वेगळे राहायला लागल्यावरही प्रयोगशाळेचे रिपोर्ट नवऱ्याच्या मोबाइलवर जात राहतात, कारण नोंदणीच्या वेळी त्याचा नंबर दिलेला असतो. औषधांच्या चिठ्ठ्या सासरच्या कपाटात राहतात. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या नेहमीच्या नियमांच्या पलीकडे जाऊन, वाद सोडवायला उपयोगी वाटणारा कागद विचारात घेण्याची मुभा १९८४ च्या कायद्याने दिली आहे. तेव्हा ‘चोरून काढलेला फोटो कोर्टात चालणारच नाही’ या भरवशावर राहू नये. दवाखाना, प्रयोगशाळा आणि आभा खात्यावरचा मोबाइल क्रमांक आधी बदलून घ्यावा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. २०१७ च्या कायद्यानुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो. आजार बळावला तर उपचारांच्या निर्णयात तो मदत करतो, आणि त्याला उपचारांची माहितीही मिळते. पूर्वी जोडीदाराचे नाव दिले असेल तर ते केव्हाही बदलता येते. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरते. आई, भाऊ, मैत्रीण, ज्याच्यावर विश्वास आहे त्याचे नाव लिहावे आणि प्रत फाईलला लावावी.

स्वतःची फाईल मिळवणे हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. आंतररुग्ण नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे, त्यामुळे मागायला फार उशीर करू नये.

मार लागला असेल तर दवाखान्यात जाणे कधीच लांबवू नये. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००६ च्या नियमांनुसार, आधी तक्रार नोंदवलेली नाही या कारणाने रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत, आणि तपासणी अहवालाची प्रत बाईला विनामूल्य द्यायची असते. मारहाण कुणी केली, कधी, कशाने, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ‘पाय घसरून पडले’ असे एकदा केसपेपरवर आले की नंतर ते पुसणे अवघड जाते. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते याच विचाराने. हिंसाचार सोसणारी बाई पोलीस ठाण्याच्या आधी दवाखान्याची पायरी चढते.

सही करण्याआधी

परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी कलम १३ ब नुसार किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या अर्जानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आत दुसरा अर्ज करायचा असतो. तडजोडीची आशा उरली नसेल आणि पोटगी, मुले यांचे सगळे ठरले असेल तर न्यायालय सहा महिन्यांची ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. तेव्हापासून ‘लवकर मोकळे व्हा’ असा आग्रह वाढला आहे.

मन थाऱ्यावर असलेल्यांसाठी ही सवलत चांगलीच. पण नैराश्य भरात असताना माणूस ‘काहीही लिहून घ्या, मला फक्त सोडा’ या मनःस्थितीत असतो. घर, दागिने, पोटगी, मुलाचा ताबा, सगळ्यावर पाणी सोडून सही करतो. उपचारांनी मन स्थिरावले की पश्चात्ताप होतो. अशा वेळी सहा महिन्यांची मुदत ही अडचण न समजता सावरायला मिळालेली सवड समजावी. संमती मनापासूनची हवी, आणि हुकूमनामा होण्यापूर्वी ती मागे घेता येते, हेही १९९१ पासून न्यायालयाने मान्य केलेले आहे. हुकूमनामा झाल्यावर मात्र फार उशीर झालेला असतो. आजार तीव्र असेल तर वकिलाला तसे सांगावे आणि तारीख पुढे मागावी.

औषधांचा खर्च, विमा आणि मुले

दर महिन्याचा औषधांचा खर्च पोटगीच्या मागणीत दाखवायला संकोचू नये. पोटगी ठरवताना जोडीदाराचा किंवा मुलाचा गंभीर आजार आणि त्याचा वारंवार होणारा खर्च विचारात घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या निकालात म्हटले आहे. म्हणजे जे कागद लपवावेसे वाटतात, तेच इथे उपयोगी पडतात.

विम्याचा विचार हुकूमनाम्याच्या आधी करावा. नवऱ्याच्या कंपनीच्या गट विम्यातले पत्नीचे संरक्षण घटस्फोटानंतर राहत नाही. कौटुंबिक पॉलिसी असेल तर त्यातून वेगळी पॉलिसी काढताना आधीच्या प्रतीक्षा काळाचा लाभ मिळेल का, हे विमा कंपनीला लेखी विचारावे. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते. मानसिक आजाराला इतर आजारांप्रमाणेच विमा देणे कंपन्यांना बंधनकारक आहे, म्हणून अर्जात आजार लपवू नये. सरकारी आरोग्य योजनांसाठी शिधापत्रिका लागते, तेव्हा स्वतंत्र शिधापत्रिकेचा अर्ज वेळेत करावा.

मुलाच्या ताब्याबाबत कायद्याची कसोटी एकच आहे, मुलाचे हित. पाच वर्षांखालील मूल साधारणतः आईकडे असावे असे १९५६ चा पालकत्व कायदा म्हणतो. आई किंवा वडील उपचार घेतात एवढ्यावर निर्णय ठरत नाही. मूल त्यांच्याजवळ सुखरूप आहे का, हे पाहिले जाते. या काळात मुलांचेही पोट दुखू लागते, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, शाळा नको वाटते. तपासणीत काही निघत नाही, तरी मूल खोटे बोलत नसते. ‘कोर्टात असे सांग’ म्हणून त्याला पढवू नये. ‘आमचे भांडण तुझ्यामुळे नाही’ हे वाक्य मात्र त्याला पुन्हा पुन्हा ऐकवावे.

त्या सोमवारी दुसऱ्या नावाने केसपेपर निघाला नाही. डॉक्टरांनी भावाला बाहेर बसवून तिच्या मरणाच्या विचारांविषयी सविस्तर विचारले. गोळी कमी डोसने पुन्हा सुरू झाली. काही दिवस तिला एकटे न सोडण्याचे आणि गोळ्या आपल्या ताब्यात ठेवून रोजच्या रोज देण्याचे भावाने कबूल केले. नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून तिने साध्या कागदावर आईचे नाव लिहिले. निघताना तिने विचारले, ‘‘कोर्टात विचारलं तर काय सांगू?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘जे आहे ते सांगा. आजार होता, उपचार घेतले, अजून घेते आहे.’’

पुढच्या तारखेचा केसपेपर तिने स्वतःच्या नावाने काढला.

हे लक्षात ठेवा

• दावा चालू असताना कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका. आपल्या डॉक्टरांना दाव्याची कल्पना द्या.

• केसपेपर, चिठ्ठ्या, बिले तारखेनुसार लावा. एक संच विश्वासू माणसाकडे ठेवा.

• दवाखान्यातला संपर्क क्रमांक, नामनिर्देशित प्रतिनिधी, विमा आणि बँक खात्यांवरची नावे तपासा.

• तारखेच्या आदल्या रात्री झोप घ्या. तारखेला औषध आणि पाणी बरोबर ठेवा.

• स्त्रियांना, मुलांना आणि मानसिक आजार असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. दूरध्वनी १५१००.

• मन फार खचले, मरणाचे विचार आले तर ‘टेलिमानस’ला १४४१६ वर कधीही फोन करा. महिला मदतवाहिनी १८१, तातडीची मदत ११२.